मागून दिसणारं मैदान

शाळेच्या संघात मुलगी बॅकला जाते ती बहुतेक वेळा उरली म्हणून. चपळ असतात, बॉल पायात घेऊन पळायची हौस असते, त्या न सांगता पुढं जाऊन उभ्या राहतात. ज्यांचं सरांशी बरं जमतं त्या मध्ये. मग जी उंच असेल, अंगानं दणकट असेल किंवा नुसता बॉल लांब मारत असेल, तिला सांगितलं जातं, "तू मागं थांब." मलाही तसंच सांगितलं. आठवीत होते, वर्गात सगळ्यांत उंच आणि पायात कसब म्हणाल तर बेताचंच. पण बॉल अंगावर आला तरी मी डोळे मिटत नव्हते. एवढ्याच भांडवलावर मी स्टॉपर, म्हणजे मधली बॅक, झाले, पुढं विद्यापीठाकडून आणि महाराष्ट्राकडून खेळले, आणि आता पोरींना शिकवते. संघ बांधताना मात्र मी उलट्या टोकाकडून सुरुवात करते. आधी स्टॉपर ठरवते, मग किपर, मग बाकीच्या. फॉरवर्ड कोणीही होईल असं मी म्हणत नाही, पण फॉरवर्ड व्हायला पोरी रांगेनं उभ्या असतात, हे नक्की.

कोल्हापुरात फुटबॉल वेगळा शिकवावा लागत नाही म्हणतात. मुलांच्या बाबतीत ते खरं आहे. इथल्या संघांची नावंच तालमींची: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. कुस्तीच्या मातीत उभ्या राहिलेल्या मंडळांनी पुढं फुटबॉलचे संघ काढले आणि पेठांची जुनी ईर्षा शाहू स्टेडियममध्ये आणून सोडली. थंडी पडली की हंगाम सुरू होतो आणि वळवाच्या पावसापर्यंत चालतो. आमचे पप्पा मंगळवार पेठेतले, त्यामुळं आमच्या घराचा संघ कुठला हे जन्माआधीच ठरलेलं होतं. लहानपणी ते मला सामन्यांना न्यायचे. त्या पायऱ्यांवर बसून मी फुटबॉल पाहिला त्याहून जास्त ऐकला. पुढच्याला टाळ्या आणि मागच्याला शिव्या, हा प्रेक्षकांचा शिरस्ता मला तेव्हाच कळला. "काढ की भाईर!" हे वाक्य तर सामनाभर कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून यायचंच. दहा-अकरा वर्षांची झाले तसं नेणं थांबलं. कुणी मनाई केली नाही, पण चल असंही कुणी म्हटलं नाही. पायऱ्यांवर माझ्याएवढ्या मुली नसायच्याच.

आमच्या शाळेत मुलींचा संघ निघाला त्यामागं काही मोठा विचार नव्हता. शालेय स्पर्धेत मुलींच्या गटात संघच इतके कमी असायचे, की अकरा पोरी उभ्या केल्या तर जिल्ह्यातून थेट विभागाची गाठ पडायची. सरांनी हे हेरलं. त्यांना ट्रॉफी हवी होती, आम्हाला वर्गाबाहेर पडायचं होतं. दोघांचंही साधलं. माणूस तसा कडक, पण बॅकला कसं खेळावं हे त्यांनी मला फार नीट सांगितलं. समोरची पोरगी पायानं फसवते, खांद्यानं फसवते, डोळ्यांनीही फसवते, तू फक्त बॉलकडं बघ आणि अंगावर जाऊ नको, तिला कडेला ने, असं ते म्हणायचे. आजही पहिल्या दिवशी मी हेच सांगते. फक्त त्यांच्या हातात छडी असायची, माझ्या हातात शिट्टी असते.

आमच्याआधी कोण खेळून गेलं, याचा आम्हाला पत्ता नव्हता. भारतात महिला फुटबॉलची संघटना 1975 मध्ये उभी राहिली होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या मुली आशियाई चषक स्पर्धेत दोन वेळा उपविजेत्या ठरल्या होत्या आणि 1983 मध्ये शांती मलिक यांना फुटबॉलसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला होता. हे सगळं मी वाचलं ते खेळणं थांबल्यावर, प्रशिक्षकाच्या लायसन्सच्या अभ्यासाला बसले तेव्हा. खेळत होते त्या वर्षांत आमच्या डोळ्यांसमोर फक्त मणिपूर होतं. सीनियर नॅशनलचं विजेतेपद त्या राज्यानं वीसहून अधिक वेळा जिंकलंय. त्यांच्याविरुद्ध खेळताना आमच्या फॉरवर्डना फारसं काम नसायचं, आम्हा मागच्यांना श्वास घ्यायला वेळ नसायचा. छोटे छोटे पास, दोघींत भिंत करून तिसरीला सोडलेला बॉल, आणि ती तिसरी कुठून आली हे कळायच्या आत ती आपल्या पाठीमागं. उंचीनं त्या माझ्या खांद्याला लागत. हेडर सगळे माझे होते, पण त्या बॉल वर उडवतच नव्हत्या. माझ्या उंचीचा तिथं काही उपयोग नव्हता.

तिथंच मला कळलं, की बॅकची खरी मदार पायावर नाही, तोंडावर आहे.

हे जरा समजावून सांगायला हवं. चार जणी मागं एका ओळीत उभ्या असतात. समोरच्या संघाची खेळाडू पास सुटताना या ओळीच्या पलीकडं असेल तर ऑफसाइड. 1990 पासून नियम असा, की ती शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत असली तरी चालते, म्हणजे फायदा तिचा. आता ही ओळ वर सरकवायची तर चौघींनी एकाच क्षणी पाऊल टाकायला हवं. एक जण जरी मागं रेंगाळली तर तिच्यामुळं समोरच्या सगळ्या ऑनसाइड, बाकी तिघींची मेहनत वाया. आणि त्या क्षणी कुणी कुणाकडं बघू शकत नाही, कारण चौघींचे डोळे बॉलवर असतात. मग उरतो फक्त आवाज. मधली स्टॉपर "वर!" म्हणते आणि चौघी निघतात. किपरच्या खालोखाल स्टॉपरलाच सगळं मैदान समोर दिसतं. हाफला उभी असलेली मुलगी गोलकडं पाठ करून बॉल घेते तेव्हा तिच्या मागून कोण येतंय हे तिला दिसत नाही, मला दिसतं. मी बोलले नाही तर ती आंधळी. "मागं हाय!" म्हटलं तर तिनं बॉल लगेच सोडायचा, "वेळ हाय!" म्हटलं तर वळायचं. एका चांगल्या सामन्यात माझा बॉलला पाय लागायचा त्याच्या कितीतरी पट मी बोलायची. सामना संपल्यावर पाय दुखायचे तसा घसाही बसायचा.

मला हे जमलं याचं श्रेय मी स्वतःकडं घेत नाही. पेठेतल्या पायऱ्यांवर वाढलेली मुलगी ओरडायला लाजत नाही. शिकवायला लागले तेव्हा लक्षात आलं, की बाकीच्या मुलींचं तसं नसतं.

खेळणं थांबलं ते गुडघ्यानं. कॉर्नर आला, मी हेडरला उडी मारली, बॉल बाहेर काढला आणि एका पायावर खाली आले. कुणाचा धक्का नाही, फाउल नाही. गुडघा आत वळला आणि टक्क असा आवाज आला, तो मला बाहेरून आल्यासारखा वाटला. लिगामेंट गेलं होतं. या दुखापतीबद्दल लोकांचा समज असतो, की कुणीतरी जोरात मारलं असणार. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा अशीच होते, उडीवरून खाली येताना किंवा पळता पळता अचानक दिशा बदलताना. मुलींमध्ये ती मुलांच्या दोन-तीन पट तरी जास्त दिसते. कमरेची ठेवण, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, उडीवरून उतरताना गुडघा न वाकवण्याची सवय, अशी बरीच कारणं सांगतात. पैकी शेवटचं कारण शिकवून बदलता येतं. फिफाचा इलेव्हन प्लस नावाचा सरावाआधीचा एक क्रम आहे, वीस मिनिटांचा. त्याला बॉलशिवाय काही लागत नाही: पळणं, एका पायावर तोल, मांड्यांचे व्यायाम, उडी मारून मऊ उतरणं. मी खेळत होते तेव्हा आमचा वॉर्मअप म्हणजे मैदानाला फेऱ्या आणि हात गोल फिरवणं. आता माझ्या पोरी हा क्रम केल्याशिवाय बॉलला हात लावत नाहीत. कंटाळतात, कुरकुरतात, "मॅडम, आज खेळूया की डायरेक्ट," म्हणतात. याबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

ऑपरेशन झालं, पुन्हा उभी राहिले, पण पूर्वीसारखी वळू शकले नाही. वळता न येणारी स्टॉपर म्हणजे उघडं दार. इंडियन विमेन्स लीग सुरू झाली 2016-17 च्या हंगामात. 2019 ला लुधियानात झालेल्या अंतिम फेरीत कोल्हापूरचाही संघ होता, एफसी कोल्हापूर सिटी. मी त्या बातम्या वाचत होते तेव्हा एका शाळेत तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षण शिकवत होते. वाईट वाटलं का? वाटलं. पण आमच्या पिढीतल्या सगळ्यांचंच ते आहे, त्यावर फार बोलण्यात अर्थ नाही.

प्रशिक्षक व्हायचं तर डी लायसन्सपासून सुरुवात, मग सी, बी, ए आणि प्रो अशी चढण आहे. डीच्या वर्गात आम्ही बायका मोजक्याच होतो. पहिल्या दिवशी प्रात्यक्षिकासाठी जोड्या पाडताना आम्हाला आपापसात लावलं, दुसऱ्या दिवसापासून ते बंद झालं, कारण मी एका मोठ्या क्लबच्या माजी फॉरवर्डला दोनदा कडेला नेऊन अडवला होता. गोव्याच्या मेमोल रॉकी 2017 मध्ये भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, त्याआधी त्या खुर्चीवर बाई कधी बसली नव्हती. वर्गात त्यांचं नाव निघायचं तेव्हा काही जण सहज म्हणायचे, "मुलींना बाईच बरी." मला हे पटत नाही. मुलींना चांगला प्रशिक्षक बरा. बाई असेल तर काही गोष्टी सोप्या होतात, एवढंच.

त्या सोप्या होणाऱ्या गोष्टी मात्र खऱ्या आहेत. पाळीच्या दिवसांत मुलगी सरावाला येत नाही आणि घरून सांगतात, "ताप आहे." मी सुरुवातीलाच सगळ्यांसमोर विचारते, लिहून ठेवते आणि त्या दिवशी काय करायचं ते ती मुलगीच ठरवते. काहींना पळलेलं बरं वाटतं, काहींना कडेला बसावं वाटतं. आतले कपडे नीट नसतील तर मुलगी उडी मारत नाही, छातीवर बॉल घेत नाही, हे सरांच्या लक्षातच येत नाही. ते म्हणतात, पोरगी घाबरट आहे. आयांना बोलावून मी हे सरळ सांगते. एका आजीनं मला ऐकून घेऊन विचारलं होतं, "आन् ह्ये बी तुमीच शिकिवता व्हय?" शिकवते, म्हटलं.

माझ्या निम्म्या मुली शहराबाहेरच्या, करवीर आणि कागल तालुक्यांतल्या. त्यांचं येणं-जाणं एसटीवर. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास असतो, पण तो गाव ते शाळा एवढ्याच रस्त्याचा. मैदान त्या रस्त्यावर नसेल तर तिकीट काढावं लागतं. मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, त्याचा गाजावाजा राजकारणात झाला तो झाला, माझ्या हजेरीच्या वहीत त्याचा परिणाम मला स्पष्ट दिसला. संध्याकाळचा सराव मी शेवटच्या सोयीच्या गाडीच्या वेळेवरून ठरवते. गाडी सहा वाजता असेल तर साडेपाचला शिट्टी. मुलांच्या संघाचे प्रशिक्षक म्हणतात, एवढ्यात काय होतंय? होतं तेवढंच होतं. मुलगी अंधार पडायच्या आत घरी पोचली तर दुसऱ्या दिवशी येते, नाहीतर येत नाही.

पालक विचारतात ते प्रमाणपत्राबद्दल. दहावीला वाढीव गुण किती, राज्याला खेळली तर नोकरीत पाच टक्के आरक्षणात बसेल का, पडताळणीला काय लागतं. काही प्रशिक्षकांना याचा राग येतो, खेळावर प्रेम नाही म्हणतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्या घरात मुलीच्या बुटांसाठी महिन्याच्या किराण्यातून पैसे काढले जातात, त्या घरानं हिशेब मांडायलाच हवा. प्रमाणपत्राच्या आशेनं आलेली पोरगी दोन हंगाम टिकली, की पुढं ती प्रमाणपत्रासाठी येत नसते. घरच्यांना तसं सांगायची मात्र घाई करत नाही मी.

आता त्या ओरडण्याकडं येते, कारण माझं निम्मं काम तेच आहे.

मुलींना लहानपणापासून घरात एक गोष्ट सारखी सांगितलेली असते, आवाज खाली. हसू नको जोरात, हाक मारू नको गॅलरीतून, भावाशी वरच्या पट्टीत बोलू नको. मग बारा-तेरा वर्षांनी मी त्यांना मैदानात उभं करते आणि म्हणते, ओरड. होत नाही. टॅकल शिकवायला मला जितके दिवस लागतात त्याच्या तिप्पट ओरडायला शिकवायला लागतात. आमची एक स्टॉपर आहे, नववीतली, उंच, खेळाची समज तर अशी, की बॉल कुठं पडणार हे तिला आधी कळतं. पण तोंड बंद. समोरची फॉरवर्ड मोकळी उभी आहे हे तिला दिसायचं आणि ती स्वतः धावत जाऊन झाकायची, मग तिची जागा उघडी पडायची. शेजारच्या बॅकला सांगितलं असतं तर कुणालाच पळावं लागलं नसतं. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "मॅडम, ती अकरावीत हाय. मोठ्या पोरीला कसं सांगायचं मी?"

हा खरा अडसर. लाज तर असतेच, तिच्या जोडीला मान असतो. ती आधी "ताई" म्हणणार, मग "जरा" म्हणणार, मग "डावीकडं बघा" म्हणणार, तोवर बॉल जाळ्यात. म्हणून आमच्याकडं मैदानाच्या पांढऱ्या रेषेच्या आत ताई नाही, अहो नाही. नावंसुद्धा छोटी करून घेतलीत. बाहेर आल्यावर पुन्हा ताई. सीनियर मुलींना हे पटवणं धाकट्यांना पटवण्यापेक्षा अवघड गेलं. एक जण दोन दिवस रुसली होती, आठवीतल्या पोरीनं तिला "ए, मागं!" म्हटलं म्हणून.

त्यासाठी मी एक खेळ करते. सहा विरुद्ध सहा, आणि दोन्ही संघांत फक्त शेवटच्या बॅकला बोलायची परवानगी. बाकी कुणी तोंड उघडलं तर बॉल समोरच्यांना. पाच मिनिटांत मैदान भयंकर शांत होतं, आणि मग पोरींना कळतं की आपण किती आंधळ्या खेळतोय. त्या स्वतःच मागं वळून शेवटच्या बॅककडं रागानं बघायला लागतात, बोल की गं! जी मुलगी माझ्या सांगण्यानं बोलली नव्हती ती मैत्रिणींच्या रागानं बोलते. आमच्या त्या नववीतल्या पोरीचा पहिला आवाज असाच फुटला, तोही चुकीच्या वेळी, पण सगळ्या जणी वर धावल्या आणि समोरच्या दोघी ऑफसाइडमध्ये सापडल्या. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आपण एक शब्द बोललो आणि पाच माणसं हलली, हे तिला घरी कधी अनुभवायला मिळालं असेल असं वाटत नाही.

यात माझी स्वतःची एक गोची आहे. मी स्टॉपर, बोलायची सवय हाडात मुरलेली. पण कडेला उभं राहून मी बोलले की त्या बोलत नाहीत, माझ्या आवाजाची वाट बघतात. शिवाय कडेवरून मैदान वेगळंच दिसतं. मागून खेळताना रुंदी दिसते, कुठली बाजू मोकळी आहे ते. कडेला उभं राहिलं की ओळ सरळ आहे का वाकडी हे अचूक दिसतं, पण पलीकडची राइट बॅक किती दूर उभी आहे याचा अंदाज येत नाही. त्यामुळं कडेवरून केलेल्या सूचना निम्म्या चुकीच्या असतात, असं माझं मत झालंय. सामन्यात मी शक्यतो गप्प बसते, वहीत लिहिते आणि हाफ टाइमला बोलते. बघणाऱ्यांना वाटतं मॅडमना रस नाही. एका पालकानं तर, "त्या दुसऱ्या संघाचे सर बघा कसे जीव तोडून सांगतात," असं मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं होतं.

प्रेक्षकांशी माझं दुसरं भांडण लांब मारण्यावरून आहे. कोल्हापूरच्या पायऱ्यांना बॅकनं बॉल आभाळात भिरकावलेला फार आवडतो. आमच्या वेळी तेच शहाणपणाचं होतं. 1992 मध्ये किपरनं बॅककडून पायानं आलेला बॉल हातात घेणं बंद झालं, तेव्हापासून बॅकला पायात काहीतरी असावं लागतं हे खरं, पण आम्ही तरी दिसला बॉल की उडवायचो. मग 2019 मध्ये गोल किकचा नियम बदलला. पूर्वी बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर गेल्यावरच खेळ सुरू धरायचे, आता किपर आत उभ्या असलेल्या बॅकलाच पास देऊ शकते. एवढ्याशा बदलानं आमची सगळी नोकरी बदलली. आता स्टॉपर ही पहिली पासर. समोरच्या दोघी अंगावर धावून येत असताना बॉल शांतपणे थांबवून हाफला द्यायचा. मी पोरींना तेच शिकवते, आणि त्यांनी तसं खेळायला सुरुवात केली की बाहेरून तीच लहानपणीची हाक येते, "काढ की भाईर!" दोन गोल आम्ही असेच खाल्ले एका स्पर्धेत, आणि ट्रॉफी गेली. तरीही लांब मारायला सांगितलं नाही. पंधराव्या वर्षी जिची पास द्यायची भीती गेली नाही तिची विसाव्या वर्षी जाणार नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत. आपला संघ भुवनेश्वरला अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0 आणि ब्राझीलकडून 5-0 असा हरला. तीन सामन्यांत 16 गोल खाल्ले, एकही केला नाही. बातम्यांमध्ये बचावफळी ढासळली असं आलं. मी ते सामने परत परत पाहिले. बॅक चुकल्या, नाही असं नाही, पण बॉल त्यांच्यापर्यंत यायच्या आधी तीन ठिकाणी सुटलेला असायचा. हाफ मागं आल्या नव्हत्या, पुढच्यांनी दाबलं नव्हतं. शेवटी ज्यांच्यासमोर गोल होतो त्यांच्या नावावर तो लागतो. त्या संघाची कर्णधार झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उराँव. तिच्या घरापर्यंत रस्ता व्हायला घेतला तेव्हा तिचे आईवडील त्याच रस्त्यावर मजुरीला होते, ही बातमी माझ्या मुलींनी वाचली होती. त्यांना आकड्यांपेक्षा तेच जास्त लक्षात राहिलं.

अंतिम सामना 30 ऑक्टोबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर होता, स्पेन विरुद्ध कोलंबिया. पैसे गोळा करून मी मोठ्या मुलींना घेऊन गेले. सामना शून्य-शून्यवर अडकला होता आणि 82 व्या मिनिटाला कोलंबियाच्या एका बचावपटूकडून बॉल स्वतःच्याच जाळ्यात गेला. विश्वचषक त्या एका सेल्फ गोलवर ठरला. परतीच्या बसमध्ये साताऱ्यापर्यंत पोरींच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. "मॅडम, तिला आता घरी काय म्हणतील?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, तिनं पाय लावायलाच नको होता. मग मी मोबाइलवर तो क्षण थांबवून थांबवून दाखवला. तिनं पाय लावला नसता तर मागं काय झालं असतं ते बघा, ती तिथं पोचली कशी ते बघा, आणि तिच्याबरोबर असायला हवी होती ती कुठं राहिली तेही शोधा. सेल्फ गोल करणारी बहुतेक वेळा तीच असते जी वेळेवर पोचलेली असते. न पोचलेलीचं नाव फलकावर येत नाही. बसमध्ये बराच वेळ वाद झाला. आमची किपर शेवटपर्यंत म्हणत राहिली, की चूक किपरची, तिनं हाक दिली नसणार. तिला मी विरोध केला नाही, तिला स्वतःला ते लक्षात राहिलं तर बरंच.

गेल्या तीन वर्षांत मुलींना नावं सांगायला सोपं झालंय. 2024 मध्ये आशालता देवीनं देशासाठी शंभरावा सामना खेळला, भारतीय महिलांमध्ये पहिलीच, आणि ती बचावपटू. माझ्याकडच्या बॅकना हे मी मुद्दाम सांगते. 5 जुलै 2025 ला चिआंग माईत भारतानं थायलंडला 2-1 हरवलं आणि पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मुलींनी ते दोन गोल पाठ केलेत, कोणत्या पायानं, कुठून. मी मात्र त्यांना दुसऱ्या गोलनंतरची शेवटची पंधरा-वीस मिनिटं दाखवली. थायलंडच्या मुली बॉल आत टाकतायत आणि आपल्या बॅक एकमेकींना हातानं, आवाजानं जागा दाखवतायत. आवाज बंद करून दाखवलं आणि विचारलं, आत्ता ती काय म्हणाली असेल? पोरींनी अशी काही उत्तरं दिली, की मला मध्येच व्हिडिओ थांबवावा लागला. काही शब्द तर पेठेतल्या पायऱ्यांवरचेच होते.

सध्या माझी अडचण साधी आहे. पुढच्या जिल्हा स्पर्धेसाठी राइट बॅक दोन आहेत, स्टॉपर ती नववीतली, आता दहावीत गेलेली. तिच्या घरी अभ्यासाचं कारण निघालंय, तिच्या वडिलांशी रविवारी बोलायचं आहे. दुसरी स्टॉपर बारावीतली, तीच पूर्वी "मोठी पोरगी" असलेली, आता दोघी मैदानात एकमेकींना इतकं ओरडतात, की रेफरीनं एकदा समज दिली. लेफ्ट बॅकला मात्र डावखुरी मुलगी मिळत नाही. उजव्या पायाची मुलगी तिथं लावली की ती बॉल घेऊन दरवेळी आत वळते आणि कड मोकळी राहते. डाव्या पायानं मारणारी, उंच नसली तरी चालेल, पळणारी आणि तोंडाळ अशी कुणी ओळखीत असेल, तर सकाळी साडेसहाला मैदानावर पाठवून द्या. बूट नसले तर आमच्याकडं चार आणि पाच नंबरचे पडून आहेत.